ओपेनहाइम म्हणतो

"मॅडम, हा अणुबॉम्बवालाच ना?"

वर्ग हसला. मीही हसले. जुलैचा पहिला आठवडा, सकाळचं साडेसातचं लेक्चर. बाहेर पावसाची झड, आणि वर्गात ओल्या छत्र्यांचा, ओल्या सॅकचा, एसटीच्या सीटला येतो तसला कुबट वास. मी व्याख्या डिक्टेट करत होते. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर आमच्याकडे याच व्याख्येने सुरू होतो. 'ओपेनहाइम म्हणतो' असं म्हणायचं, दोन क्षण थांबायचं, पोरं पेनं सरसावून बसली की सावकाश पुढे जायचं. सुसंस्कृत राज्यं एकमेकांशी व्यवहार करताना रूढीचे आणि करारांचे जे नियम कायदा म्हणून बंधनकारक मानतात, त्या नियमांना आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग मागच्या बाकांसाठी पुन्हा एकदा इंग्रजीत. "अणुबॉम्बवाला ओपनहायमर. हा ओपेनहाइम," मी म्हणाले. "मग हा कोण?" पोरानं विचारलं. तो गगनबावड्याकडून पहिल्या गाडीने येतो, पँटच्या टोकांना कायम चिखल. "मोठा ज्यूरिस्ट होता. लिहा पुढे." त्यानं लिहिलं. मग मान वर करून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ते सिव्हिलाइज्ड स्टेट्स म्हणतोय ना, त्यात आपण होतो का?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही."

तेवीस वर्षं मी ही व्याख्या सांगते आहे.

घरी जाताना स्कूटरवर, नंतर कांदा चिरताना, रात्री गॅस बंद केला का ते बघायला उठले तेव्हासुद्धा, ते वाक्य दातांत अडकलेल्या बडीशेपेसारखं जिभेला लागत राहिलं. पोराचा प्रश्न चोख होता, पण मला त्याहून माझ्या उत्तराची लाज वाटत होती. 'परीक्षेला येत नाही' हे वाक्य आमच्या धंद्यात दार लावायला वापरतात. आणि खरं सांगायचं तर दाराच्या आत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. ओपेनहाइम म्हणजे माझ्या लेखी एक कणा होता, पुस्तकाचा. निळ्या कापडावर सोनेरी अक्षरं. एलएलएमला असताना पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात साडेतीनशे रुपयांना घेतलेला पहिला खंड. बाबांनी त्याला खाकी कव्हर घातलं आणि वर आपल्या कोर्टातल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'ओपनहैम – कायदा'. ते जिल्हा कोर्टात शिरस्तेदार होते. आयुष्यभर 'कोर्टाचं म्हणणं आहे', 'कोर्टानं सांगितलंय' असं बोलायचे, घरी जेवतानासुद्धा. लहानपणी मला कोर्ट म्हणजे एक माणूसच वाटायचा, जाड भिंगांचा, फार न बोलणारा. पुढे कळलं की कोर्ट दर तीन वर्षांनी बदलीवर जातं आणि त्याच्या जागी दुसरं कोर्ट येतं. म्हणणं मात्र कोर्टाचंच राहतं.

त्या रात्री मी बाबांचं खाकी कव्हर काढलं. कण्यावर सोनेरी 'ओपेनहाइम' होतंच, पण खाली त्याहून बारीक अक्षरांत दुसरं नाव होतं, आवृत्तीच्या संपादकाचं. लाउटरपाख्ट. म्हणजे तेवीस वर्षं मी 'ओपेनहाइम म्हणतो' म्हणून जे सांगत होते, त्यातलं ओपेनहाइम काय म्हणाला होता आणि त्याच्या नावावर दुसरं कोण काय म्हणालं होतं, याचा मला पत्ता नव्हता. पोरानं विचारलेला 'हा कोण' मला तेव्हा खऱ्या अर्थाने ऐकू आला.

मग सुट्टीचे दिवस, रात्री, मधल्या मोकळ्या तासिका यांत मी त्या माणसाच्या मागे लागले. माझं वाचन वकिली वळणाचं आहे, इतिहासकाराचं नाही. पण जे सापडलं त्यात पहिल्या झटक्यालाच मी हसले, कारण ते माझंच होतं. आंतरराष्ट्रीय कायद्याचा हा आद्य गुरू मुळात आंतरराष्ट्रीय कायद्याचा नव्हताच. तो फौजदारीचा माणूस.

मीही फौजदारीचीच. एलएलएम फौजदारी कायद्यात, प्रबंधिका कबुलीजबाबांवर. नोकरी लागली तेव्हा फौजदारीचे पेपर दोन ज्येष्ठ सरांनी धरून ठेवलेले होते, आणि आंतरराष्ट्रीय कायदा कोणालाच नको होता. प्रॅक्टिसमध्ये उपयोग नाही, पक्षकार नाही, मागच्या बाकांवर झोपायचा विषय. "तुम्ही नवीन आहात, तुम्ही घ्या," म्हणाले. गळ्यात पडलेली गाय आपलीच म्हणून दुभती करायची असते, तसं मी केलं. पहिली काही वर्षं मनातून मी स्वतःला पाहुणीच समजत होते. अजूनही वर्तमानपत्रात खुनाचा खटला असला की आधी तो वाचते, युद्धाची बातमी नंतर.

लासा ओपेनहाइम जन्मला ३० मार्च १८५८ला, फ्रँकफुर्टजवळच्या विंडेकन नावाच्या गावात. बाप घोड्यांचा व्यापारी, ज्यू. घोड्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा गटिंगन, बर्लिन, हायडेलबर्ग अशा विद्यापीठांत फिरला, १८८१ साली गटिंगनला डॉक्टरेट घेतली आणि मग लाइपझिगला कार्ल बिंडिंग या फौजदारीच्या दिग्गजाचा शिष्य झाला. जर्मनीत डॉक्टरेटवर भागत नाही. आणखी एक मोठा प्रबंध लिहून शिकवण्याचा परवाना मिळवावा लागतो. तो त्याने १८८५ साली फ्रायबुर्गला मिळवला आणि 'प्रिव्हाटडोझेंट' झाला. ही पदवी कानाला भारदस्त लागते, पण तिला पगार नसतो. व्याख्यानाला बसणारी मुलं जी फी देतील ती आपली. आमच्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना हे निराळं समजावून सांगायला नको. आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यूला त्या काळच्या जर्मनीत पूर्ण प्राध्यापकपदाची खुर्ची मिळणं किती अवघड होतं, तेही सगळ्यांना ठाऊक असायचं, फक्त कोणी लिहून ठेवायचं नाही. १८८६ साली त्याचं एक पुस्तक आलं, न्यायदान करणाऱ्याने जाणूनबुजून कायदा वाकवण्याच्या गुन्ह्यावर. जर्मनमध्ये या गुन्ह्याला स्वतःचा स्वतंत्र शब्द आहे, 'रेख्ट्सबॉयगुंग'. बाबांना हे सांगायला हवं होतं. तीस वर्षं त्यांनी दप्तर सांभाळलं आणि काय काय वाकताना बघितलं ते एका शब्दानेही बोलले नाहीत. त्याला शब्द आहे म्हटल्यावर त्यांनी नक्की चष्मा काढून पुसला असता.

१८९२ साली तो फ्रायबुर्गहून स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला गेला आणि १८९५ साली, सदतिसाव्या वर्षी, सगळं सोडून लंडनला.

मला या सदतिसाव्या वर्षाने पकडून ठेवलं. सदतीस म्हणजे माणूस एकदाचा स्थिरावतो ते वय. फ्लॅटचे हप्ते सुरू, मुलं पाचवी-सहावीत, विषयात थोडं नाव. दहा-बारा वर्षं घासून कमावलेलं सगळं ज्या भाषेत आहे, ती भाषाच मागे ठेवून जायचं. त्यातून फौजदारी कायदा हा माल असा, की हद्द ओलांडली की त्याची किंमत शून्य. जर्मन दंडसंहितेतले बारकावे लंडनमध्ये कोण विकत घेणार? इंग्लंडचा फौजदारी कायदा निवाड्यांच्या जंगलात वाढलेला, जर्मन पंडितांच्या काटेकोर चौकटी तिथे लागूच होत नाहीत. मला वाटतं, आंतरराष्ट्रीय कायद्याकडे तो त्यामुळेच वळला असावा. कुठल्याच एका देशाचा नसलेला हा एकच कायदा. परक्या गावात परक्याने मांडावं असं दुकान. अर्थात हा माझा तर्क. मला विषय गळ्यात पडला होता, म्हणून त्यालाही तो तसाच मिळाला असेल असं वाटण्यात माझाच स्वार्थ आहे. जुनी सवय मात्र लगेच सुटली नाही. १८९८ साली, लंडनला येऊन तीन वर्षं झाल्यावर, त्याचं एक जर्मन पुस्तक आलं, सदसद्विवेकबुद्धीवर. नव्या गावात आल्यावर माणूस रात्री जुन्याच भाषेत जागा राहतो, तसं.

१८९५ हेच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या स्थापनेचंही वर्ष. त्या कोवळ्या संस्थेत तो शिकवू लागला. १९०० साली ब्रिटिश नागरिक झाला. आणि १९०५ साली पहिला खंड, 'शांतता', १९०६ साली दुसरा, 'युद्ध आणि तटस्थता'. परक्या भाषेत, एका माणसाने, परिच्छेदांना क्रमांक देऊन, शाळामास्तरासारखं स्वच्छ लिहिलेलं. दहा वर्षांपूर्वी ज्याला त्या देशात कोणी ओळखत नव्हतं त्याचं पुस्तक परराष्ट्र खात्यांच्या टेबलांवर जाऊन बसलं. १९०८ साली केंब्रिजने त्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा व्ह्यूएल प्राध्यापक केलं, जॉन वेस्टलेकच्या जागी. याच खुर्चीवर त्याआधी काही काळ हेन्री मेन बसला होता, कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायद्याचा सदस्य म्हणून राहून गेलेला. म्हणजे ती खुर्ची आपल्याला अगदीच अनोळखी नव्हती.

मधेच एक फोन आला, तो इथेच सांगते. भावाचा मुलगा फ्रँकफुर्टला असतो, आठ वर्षं झाली. "आत्या, अर्ज भरून टाकला," म्हणाला. जर्मन नागरिकत्वाचा. २०२४ साली तिथला कायदा बदलला, आता पाच वर्षांत अर्ज करता येतो, आणि जर्मनी जुनं नागरिकत्व सोडा असंही म्हणत नाही. "सोडायला आपणच लावतो ना," तो म्हणाला. ते खरं आहे. दुसऱ्या देशाचा नागरिक झाला की भारताचा राहत नाही, पासपोर्ट परत करायचा, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड. वहिनी व्यवहाराने बोलली, "कागदच आहे शेवटी." भाऊ काहीच बोलला नाही, टीव्हीचा आवाज वाढवला. मला मात्र पहिल्या खंडातलं एक कलम आठवलं. ओपेनहाइमच्या मते आंतरराष्ट्रीय कायदा राज्याराज्यांमधला, माणसाला त्यात स्वतःची अशी जागा नाही. माणूस त्या कायद्याशी बांधला जातो तो फक्त नागरिकत्वाच्या दोरीने. आणि ज्याला कुठलंच नागरिकत्व नाही तो भर समुद्रात कुठल्याही राज्याचा झेंडा न लावता चाललेल्या जहाजासारखा. त्याला कोणाचंच संरक्षण नाही. हे मी वर्गात दरवर्षी सांगते, उदाहरण छान आहे म्हणून. एक झेंडा उतरवून दुसरा चढवलेल्या माणसाने हे लिहिलं आहे, चढवून पाचच वर्षं झाली होती, हे मला कधी सुचलं नव्हतं. "विंडेकन किती लांब रे तुझ्यापासून?" मी विचारलं. त्याने फोनवरच बघितलं. "वीसेक किलोमीटर. का गं? काय आहे तिथे?" मी म्हटलं, घोड्यांचा बाजार. तो "आत्या, तू पण ना" म्हणाला आणि फोन वहिनीकडे गेला.

आता पोराचा प्रश्न.

नव्हतो. साधं उत्तर हेच. १९०५ सालचा ओपेनहाइम राष्ट्रांच्या एका कुटुंबाची कल्पना करतो. त्या कुटुंबात मूळची ख्रिस्ती युरोपीय राज्यं, मग त्यांच्यातून निघालेली अमेरिका खंडांतली राज्यं, मग १८५६ साली पॅरिसच्या तहाने आत घेतलेलं तुर्कस्तान, मग जपान. इराण, सयाम, चीन यांना अंगणापर्यंत. ओळखी-पाळखीपुरतं आत, पंगतीला नाही. आणि आपली संस्थानं? ब्रिटनच्या मांडलिक हिंदी संस्थानांना आपापसांत किंवा परक्या राज्यांशी कसलेही आंतरराष्ट्रीय संबंध नाहीत, असं तो एका वाक्यात उरकतो. ते वाक्य मी वाचलं तेव्हा रविवार दुपार होती, खिडकीतून नव्या राजवाड्याकडे जाणाऱ्या रिक्षांचे हॉर्न येत होते. याच करवीर संस्थानाशी इंग्रजांनी तह केले होते, कलमं पाडून, सह्याशिक्के करून. तह करताना समोरचा राज्यकर्ता होता, आणि सगळं पदरात पडल्यावर १८९१ साली, मणिपूरच्या प्रकरणात, हिंदुस्थान सरकारने जाहीर करून टाकलं की आमच्या आणि संस्थानिकांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लागूच नाहीत. ओपेनहाइमने ते लबाडीने लिहिलं असं मी म्हणणार नाही. त्याची पद्धतच तशी होती. कायदा कसा असावा हे बाजूला, कसा आहे तेवढं लिहायचं. जे बलवान करतात आणि एकमेकांना मान्य करतात, त्याची नीट नोंद. शिरस्तेदाराची पद्धत. बाबांनीही कधी निकाल बरोबर की चूक म्हटलं नाही, नक्कल बिनचूक आहे ना एवढंच बघितलं.

आणि त्याच पुस्तकाच्या १९१२ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत अचानक आपल्यातला एक माणूस भेटतो. मार्सेयचं बंदर, 'मोरिया' बोट, ८ जुलै १९१०. सावरकरांची ती उडी आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो, चित्रांतून, पोवाड्यांतून. माझ्या मनात ती नेहमी लाटांच्या आवाजासकट येते. ओपेनहाइमकडे तीच घटना प्रत्यार्पणाच्या प्रकरणात येते, लाटांशिवाय. फ्रेंच पोलिसाने पकडून बोटीवर परत दिलं, फ्रान्सने मागणी केली, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं, २४ फेब्रुवारी १९११ला निवाडा झाला : परत देण्यात गैर घडलं खरं, पण त्यामुळे ब्रिटनने कैदी फ्रान्सला द्यावा असं होत नाही. वाद ब्रिटन आणि फ्रान्समधला. ज्याने उडी मारली तो वादाचा विषय, पक्षकार नव्हे. सावरकरांबद्दल कोणाचं काही मत असो, त्या परिच्छेदात ते एक वस्तू आहेत, चुकून दुसऱ्या फलाटावर उतरवलेल्या पार्सलसारखी. झेंड्याशिवायच्या जहाजाबद्दल लिहिणाऱ्या माणसाला समुद्रात पोहणारा माणूस कसा दिसणार? हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि लगेच खोडलं. फार सोपं होतं. तो दिसला म्हणूनच तर त्याने प्रकरण पुस्तकात घेतलं ना.

त्याच्यावर रागावायचं ठरवलं की असं काहीतरी निघतं.

त्या केंब्रिजच्या खुर्चीचीच गोष्ट घ्या. विल्यम व्ह्यूएलने तिच्यासाठी पैसे ठेवताना अट घातली होती की प्राध्यापकाने युद्धाचे दुष्परिणाम कमी होतील आणि शेवटी राष्ट्रांमधलं युद्धच नाहीसं होईल, अशा नियमांचा पाठपुरावा करावा. युद्ध संपवण्याच्या खुर्चीवर बसून ओपेनहाइमने १९१२ साली एडमंड्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर ब्रिटिश सैन्यासाठी जमिनीवरच्या युद्धाच्या नियमांचं पुस्तक लिहिलं. यात विसंगती आहे का? मला आधी वाटलं, आहे. मग वाटलं, घर जळायचं थांबत नाही तोवर बंब कुठे उभा करायचा ते तरी कोणीतरी लिहून ठेवायला हवं. त्याच्या एकच वर्ष आधी, १९११ साली, जुने गुरू बिंडिंग यांच्या गौरवग्रंथात त्याने लेख दिला होता, जर्मनमध्ये, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भवितव्यावर. फौजदारीच्या गुरूला, सोडून आलेल्या भाषेत, नव्या विषयाची गुरुदक्षिणा. त्यात तो राज्यांच्या संघटनेबद्दल, कायमच्या न्यायालयांबद्दल आशेने बोलतो. कोरडा नोंदकार म्हणून मी ज्याला बाजूला ठेवत होते, तो तिथे जवळजवळ स्वप्नाळू होतो.

तीन वर्षांत युद्ध आलं. जन्मभूमी आणि कर्मभूमी एकमेकींवर तोफा डागतायत आणि हा मध्ये, केंब्रिजात. १९१५च्या मे महिन्यात जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज बुडवल्यावर इंग्लंडात जर्मन नावांच्या बेकऱ्या, खाटिकांची दुकानं फुटली. १९१७ साली खुद्द राजघराण्याने जर्मन नाव टाकून विंडसर नाव घेतलं. ओपेनहाइमने नाव बदललं नाही. पुस्तकाच्या कण्यावर ते तसंच राहिलं. १९१९ साली त्याची राष्ट्रसंघावरची तीन व्याख्यानं प्रसिद्ध झाली. जूनमध्ये व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यूबरोबर बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सही केली. ज्या संस्थानिकांना आंतरराष्ट्रीय संबंधच नाहीत असं पहिल्या खंडात होतं, त्यांच्यातलाच एक लेखणी घेऊन आरसेमहालात. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला ओपेनहाइम गेला. तिसऱ्या आवृत्तीचं काम चालू होतं. ते रॉक्सबरो नावाच्या दुसऱ्याने पुरं केलं.

माणूस गेला, पण 'म्हणतो' थांबलं नाही. रॉक्सबरोनंतर पुढच्या आवृत्त्या मॅकनेअरने काढल्या, मग लाउटरपाख्टने. हा लाउटरपाख्ट आज युक्रेनमध्ये असलेल्या लव्हिवजवळचा, पोलिश ज्यू. तोही आलेला, तोही पुढे त्याच व्ह्यूएल खुर्चीवर. १९०६ साली ओपेनहाइमने लिहिलं होतं की सरकारच्या किंवा वरिष्ठांच्या हुकुमावरून सैनिकाने युद्धनियम मोडला तर तो युद्धगुन्हेगार नाही, शत्रूला त्याला शिक्षा करता येणार नाही. ब्रिटिश सैन्याच्या पुस्तकातही तेच गेलं. १९४० साली, त्याच कण्याच्या, त्याच नावाच्या पुस्तकात लाउटरपाख्टने ते उलटं केलं : हुकूम होता म्हणून गुन्हा गुन्हा असायचा थांबत नाही. १९४४ साली ब्रिटिश सैन्याने आपलं पुस्तक त्याप्रमाणे बदललं. मग न्यूरेंबर्ग, नाझी पुढाऱ्यांवरचा खटला. तिथल्या ब्रिटिश फिर्यादी भाषणांचे काही भाग लाउटरपाख्टने लिहून दिले होते. त्याचे आईवडील तोवर मारले गेले होते. आता सांगा, हुकुमाच्या ताबेदाराबद्दल ओपेनहाइम काय म्हणतो? १९०६चा की १९४०चा? मेलेल्या माणसाचं मत त्याच्याच नावाने बदलायचं, ही जगातली विचित्र गोष्ट मानली पाहिजे. पण बाबांचं कोर्टही असंच होतं. बदलीवर आलेलं नवं कोर्ट जुन्या कोर्टाचं म्हणणं फिरवायचं आणि बाबा तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे, कोर्टाचं म्हणणं आहे.

१९९२ सालच्या नवव्या आवृत्तीत व्याख्या पाहिली. राज्यांवर त्यांच्या परस्पर व्यवहारात बंधनकारक असलेले नियम, एवढंच. 'सुसंस्कृत' गेलेलं. कोणीतरी शांतपणे तो शब्द काढला होता आणि आमच्या गाइडांपर्यंत, प्रश्नपत्रिकांपर्यंत, माझ्यापर्यंत ती बातमीच आली नव्हती. ज्यांना त्या शब्दाने बाहेर ठेवलं होतं तेच तो पाठ करत राहिले, स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षं, दहा मार्कांसाठी.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात उत्तर द्यायचं ठरवून गेले. कागदावर टिपणंसुद्धा काढली होती. तो पोरगा आला नव्हता. गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी आलं होतं, गाड्या बंद. पाणी ओसरल्यावर आला, तेव्हा आम्ही समुद्री कायद्यावर पोचलो होतो. तास संपल्यावर मी त्याला थांबवलं आणि सांगितलं, नव्हतो. घोड्यांचा व्यापारी, लंडन, संस्थानं, सगळं सांगितलं, बहुतेक जरा जास्तच. त्याने ऐकून घेतलं. "म्हणजे तो पण बाहेरचाच होता," म्हणाला, आणि गाडी चुकेल म्हणून पळाला.

यंदा पुन्हा जुलै. पुन्हा झड, पुन्हा ओल्या छत्र्या, बाकांवर नवे चेहरे. मी व्याख्या सांगायला घेतली, 'ओपेनहाइम म्हणतो', आणि थांबले. यंदा आधी त्याची गोष्ट सांगायची, मग व्याख्या, मग तो शब्द कधी गेला ते, असं पक्कं ठरवलं होतं. पण पेनं सरसावली होती आणि तोंडाला तेवीस वर्षांचं वळण. वाक्य सुटलंच. 'सिव्हिलाइज्ड' या शब्दापाशी मी मुद्दाम थबकले, कोणी विचारतंय का बघायला. दुसऱ्या बाकावरच्या मुलीचा हात वर गेला.

"मॅडम, सिव्हिलाइज्ड एस ने की झेड ने?"

"एस," मी म्हणाले. "तो तेव्हा लंडनला राहायला आलेला होता, मूळचा जर्मन..."

पण त्यांनी एस लिहून पुढच्या शब्दासाठी माना वर केल्या होत्या.